कोंबो खंय गेलो?

आयुष्यात माझी एकच जादू यशस्वी झाली, आणि ती झाली तेव्हा सगळ्यांत जास्त मीच घाबरलो होतो.

त्या वर्षी मसुऱ्याच्या जत्रेत एक जादूगार आला होता. काळा कोट, तोंडभर हसू आणि बोलणं अगदी बेताचं. त्याने आमच्या काकांच्या टोपीतून अंडं काढलं, तेव्हा काकांनी भर मांडवात त्याला हात जोडले! (सोमवार होता, तरी अंड्याबद्दल चकार शब्द नाही.) मी हायस्कुलात विज्ञान शिकवणारा माणूस. माझ्या सख्ख्या काकांनी हातचलाखीला नमस्कार करावा, हे माझ्याने बघवेना. घरी आल्या आल्या मी जाहीर केलं, "शनिवारी दुपारी आपल्या घरापुढच्या खळ्यात मी जादूचे प्रयोग करणार. आणि प्रत्येक प्रयोगामागचं रहस्यही सांगणार!"

"रहस्य सांगलंस तर मगे ती जादू कसली रे?" काका म्हणाले.

मी नुसता हसलो. अडाण्यांच्या शंकांना मी तेव्हा असाच हसत असे.

शनिवारी खळं माणसांनी भरून गेलं. खळ्याकडच्या दाराला बायकोचं जुनं लुगडं पडदा म्हणून लावलं होतं. पडद्याला टेकून टेबल आणि पडद्याआड मदतीला सौ. सुमती. मी प्रास्ताविकाला सुरुवात केली. विषय होता 'दृष्टिभ्रम : स्वरूप आणि कारणे'. वीस मिनिटांनी मी श्वास घेतला, तेव्हा मागची दोन माणसं उठून विडी ओढायला गेली होती.

मग मी नाणं गायब केलं. नवे पैसे नुकतेच आले होते, म्हणून मी मुद्दाम एक नवा पैसा घेतला होता. "बघा, नाणं गेलं!"

"आधी होता खंय?" मागून आवाज आला. "एवढासा ता! आमका दिसाकच नाय!"

मी नाणं परत काढलं, बोटांत कसं लपवलं ते दाखवलं आणि पुन्हा लपवलं. आता ते खरोखरच बाहीत गेलं आणि तिथेच राहिलं. दोरी कापून जोडण्याच्या प्रयोगात तर मी रहस्य आधी सांगितलं आणि दोरी नंतर कापली. ती जोडली गेली नाही. का जोडली गेली नाही, तेही मी सविस्तर समजावलं.

"मास्तरांनू," पुढ्यात बसलेले गावातले म्हातारे भिवाआजो शेवटी म्हणाले, "त्या जत्रेतल्या माणसान आमका फसवल्यान, पण हसवल्यान. तुमी नुसते शिकवतास!"

मला ते फार झोंबलं. म्हणून मी हुकमाचा प्रयोग काढला : काकांचा कोंबडा!

हा कोंबडा साधासुधा नव्हता. आमच्याकडे वर्षातून एकदा जमिनीच्या राखणदार देवाला कोंबडा देतात, त्याला राखण म्हणतात. दुसऱ्या दिवशी रविवारी आमची राखण होती आणि त्यासाठी काकांनी हा तांबडाभडक कोंबडा वर्षभर हाताने तांदूळ घालून पोसला होता. ते द्यायला मुळीच तयार नव्हते. मी छातीवर हात ठेवून म्हणालो होतो, "काका, पाच मिनिटांत परत!"

आंब्याच्या पेटीत मी मधोमध एक फळी आणि मागे, पडद्याच्या बाजूला, एक दार बसवलं होतं. कोंबडा आत टाकला की फळी पडायची, कोंबडा मागच्या कप्प्यात जायचा आणि पुढचा भाग रिकामा दिसायचा. कोंबडा टाकला. फळी पडली. पुढचं दार उघडलं. रिकामं! लोक जरा सरसावून बसले. आता इथे तो जत्रेतला जादूगार हसून गप्प राहिला असता. मी मात्र खडू घेऊन पेटीच्या झाकणावर आकृती काढली. कोन दाखवले. पाच मिनिटांची पंचवीस झाली. मग म्हणालो, "म्हणजे कोंबडा नाहीसा झालेला नाही. तो या फळीच्या मागे बसला आहे. बघा!"

फळी उचलली. कोंबडा नव्हता!

खळ्यात असा टाळ्यांचा कडकडाट झाला की पडवीतलं मांजर पळून गेलं. "नाही हो, खरंच नाहीये!" मी ओरडलो. टाळ्या वाढल्या. मी पेटी उलटी केली, टेबलाखाली शिरलो. लोक पोट धरून हसत होते. भिवाआजो डोळे पुसत म्हणाले, "ह्या बरा जमला हां मास्तरांक!"

काका तेवढे हसत नव्हते. "रे बाबल्या, पुरे. माझो कोंबो परत हाड."

"काका... मागचं दार सैल राहिलं असणार..."

"उद्या राखणदाराक काय देवचा? तुझी रिकामी पेटी?"

त्यांनी रिकाम्या पेटीत पुन्हा एकदा हात घालून पाहिलं.  मग मी काजूच्या बागेत, गवताच्या उडवीमागे, शेजाऱ्यांच्या परसात, जिथे सुचेल तिथे शोधत सुटलो. माझ्यामागून अर्धा गाव मजा बघत चालला होता, कारण हाही प्रयोगाचाच भाग आहे अशी सगळ्यांची खात्री होती. तिन्हीसांजेला हात हलवत परत आलो, तर सुमतीने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि कोपऱ्यात पालथी घातलेली बांबूची डालगी उचलली. खाली कोंबडा! तांदूळ टिपत होता.

"तुमी बोलत होतास आणि तो आत गुदमारत होतो. मी पडद्याआडसून काढलंय."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"लगीन झाल्यापासून पयल्यांदाच तुमका कोणी टाळयो वाजवल्यानी. माका मोडूक जीव होईना." मग जरा थांबून म्हणाली, "मगे तीनदा सांगूक इलंय. तिन्ही वेळा तुमी म्हणालास, मधी बोलू नको, मी शोधतंय!"

मी कोंबडा काखेत मारून काकांपुढे उभा राहिलो. "काका, झालं असं, की पेटीच्या मागील कप्प्यात हवेचं प्रमाण..."

काकांनी कोंबडा घेतला, त्याच्या पिसांवरून दोनदा हात फिरवला आणि म्हणाले, "बाकीचा ऱ्हवांदे."

रविवारी राखण यथासांग झाली. बायका कुंपणापाशी उभ्या होत्या, पुरुष राखणदारासमोर. भिवाआजोंनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही राखण मान्य करून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"पोराबाळांक, गुराढोरांक सांभाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्या मास्तरांक थोडक्यात बोलूची बुद्धी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज कुंपणाकडून आला. तो सुमतीचा होता. दुसरा माझा.