साडूंचे निरोप

दुसऱ्यांच्या वजनाचं ओझं आमच्या साडूंइतकं वाहिलेला माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात झाला नसेल. स्वतः काडीसारखे. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, वर्ध्याच्या एका कॉलेजात आहारशास्त्र शिकवत असताना, त्यांच्या मनानं घेतलं की खाण्याची सवय उपदेशानं सुटत नाही, यंत्रानं रोज टोकलं तर सुटते. संशोधनाला मदत मागायला गेले की साहेबलोक हसत. "सर, इथं लोकांचं वजन वाढवायची पंचाईत, अन् तुम्ही कमी करायला निघालात?" साडू घरी येत, ताक पीत आणि पुन्हा अर्ज लिहायला बसत. लग्नाच्या पंगतीत ते शेजारी असले की माझ्या घशाखाली जिलबी उतरत नसे. कोण किती खातंय ते वहीत टिपून घेत. पावलं मोजायची यंत्रं कुठून तरी मिळवून त्यांनी ओळखीच्या व्यापाऱ्यांच्या कमरेला लावली, तर केळझरच्या एकानं ते सरळ बकरीच्या गळ्यात बांधलं. साडू महिनाभर त्या आकड्यांचा आलेख काढत होते. खरं कळल्यावर एवढंच म्हणाले, "निदान बकरीचं वजन तरी घ्यायला हवं होतं."

मग मोबाइल आले आणि एकदाची थोडी मदतही मिळाली. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरमधून लोकांच्या फोनवर निरोप जायचा, 'आज किती चाललात? काय जेवलात?' बहुतेकांना आठवड्यात कंटाळा आला. टिकले ते समुद्रपूरचे एक किराणा दुकानदार. देह अवाढव्य, त्यात शुगर. गादीवरून उठवायला दोन माणसं लागत. पण हे शेठ रोज न चुकता उत्तर देत. काही महिन्यांनी ते गिरडची टेकडी चढून दर्ग्यापर्यंत गेले आणि वरूनच फोन लावला, "सर, पोचलो! दम नाई लागला! पुरा मुलूख दिसून राह्यला इथून!" त्या दिवशी साडूंनी आयुष्यात पहिल्यांदा श्रीखंड मागून घेतलं.

आणि एकाएकी शेठची उत्तरं बंद झाली. संशोधकानं स्वतः जाऊन विचारायचं नाही, असा नियम साडूंनीच केला होता. नाहीतर गुण यंत्राचा की माणसाचा, हे कळणार कसं? तळमळत राहिले, पण नियम मोडला नाही. शेवटी वहीत शेठच्या नावापुढे 'गळाले' असं लिहिलं. सहा महिन्यांनी बातमी आली. शेठ दुकानात बसल्या बसल्या गेले होते.

आम्ही दोघं एसटीनं समुद्रपूरला गेलो. शेठची बायको म्हणाली, "सर, तुमी मॅसेज काऊन बंद केले जी? ते रोज सांजच्याले फोन हातात धरून बसत. म्हनत, सर आपल्यावर नाराज झाले. मंग चालनंच सोडलं त्याईनं."

"बंद? मी तर रोज पाठवत होतो, वहिनी."

तिनं फोन आणून दिला. अजून चार्ज करून ठेवला होता. साडू एकेक निरोप बघत गेले. पहिल्या दिवसापासूनचे सगळे होते. पडद्याच्या कोपऱ्यात पाकिटाचं एक इवलंसं चित्र लुकलुकत होतं.

"फोनमधली निरोपांची जागा भरली होती," साडू माझ्याकडे न बघता म्हणाले. "एक पुसला असता, तर पुढचा आला असता."

"ते पुसू देत नव्हते कोनाले," ती म्हणाली. "सरनं स्वतः लिवलं हाय म्हनत."

ते सगळं कॉम्प्युटर लिहीत होता, हे साडूंनी तिला सांगितलं नाही.

संशोधनाचा अहवाल त्यांनी पाठवलाच नाही. तेव्हापासून संध्याकाळी ते स्वतःच एकेकाला फोन करू लागले. मलाही. त्यांना बरं वाटावं म्हणून मी चाललेलं अंतर वाढवून सांगतो. परवा सात वाजून गेले तरी फोन आला नाही. मी चपला घातल्या आणि चालत त्यांच्या घरी गेलो. ते फाटकाशीच उभे होते.

"आज कोणाला काही विचारावंसं वाटेना," म्हणाले.

मी फाटक उघडून आत गेलो. मग आम्ही दोघं ओट्यावर जाऊन बसलो.