साडूच्या सुतळ्या

माझ्या साडूइतकं मला उभ्या मराठवाड्यात कुणी जाळलेलं नाही. आम्ही दोघेही गवंडी, बायका सख्ख्या बहिणी. तो नांदेडचा, मी लातूरचा. भिंत माझी सरळ, कोपरे माझे धारदार, पण उमरीला सासुरवाडीत कौतुक मात्र त्याचंच. का? तर त्याच्या परांचीवरून आजवर खडाही खाली पडला नाही! अरे, पण भिंतीचं काय?

आणि खडा पडणार तरी कसा? हा बाबा दिसेल ती वस्तू सुतळीनं बांधतो. थापी मनगटाला, हातोडा बांबूला, चष्मा मानेला, तंबाखूची डबी कमरेला, मोबाइलला तर दोन सुतळ्या. परांचीच्या कडेला आडवी फळी ठोकल्याशिवाय वीट वर चढू देत नाही. अर्धापूरला एका लग्नात गच्चीवर पंगत होती, तर भरल्या ताटावरून उठून ह्यानं कठड्यावरचे सगळे तांबे खाली घेतले. वर मला म्हणतो, "खाली कुणाचं तरी माणूस हाय, पाव्हणं." झालं! बायकोनं घरी येईपर्यंत ऐकवलं, "दाजींकडून शिका की कायतरी!"

गेल्या उन्हाळ्यात सासऱ्यांच्या घरावर मजला चढवायला आम्हा दोघांना बोलावलं. सासऱ्यांच्या देखत ह्यानं माझ्या हातोड्याला सुतळी बांधली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी गवंडी हाय का बैल, दावं लावायला?" म्हणत मी ती सोडली आणि माझ्या बाजूची आडवी फळीही उखडली. जेवून पुन्हा वर चढलो. प्लास्टर करता करता मागे सरलो, पायाचा धक्का लागला आणि फळीच्या कडेला ठेवलेला हातोडा गेला! खाली बायको चहा घेऊन उभी. पण हातोडा हातभर खाली जाऊन लटकला. मी जेवत असताना साडूनं तो गुपचूप पुन्हा बांधला होता.

बायकोनं पांढऱ्या पडलेल्या तोंडानं वर बघितलं. "ह्यो बांधला कुणी?"

मी काही बोलायच्या आत साडू म्हणाला, "त्यांनीच. तोंडानं बोलतात तेवढं, पण ध्यान हाय त्यांना."

तिनं माझ्याकडे जसं बघितलं, तसं लग्नाला वीस वर्षं झाली, कधी बघितलं नव्हतं. मी गप्प राहिलो. अजून गप्पच आहे. आयुष्यात एकदा बायकोनं कौतुक केलं, तेही ह्याच्याच वाट्याचं! जळतो मी अजून, पहिल्यापेक्षा जास्त. पण परांचीवर चढलो की आधी खाली बघतो, मग खिशातून सुतळी काढतो. गाठ मात्र त्याच्यासारखी बसत नाही.