बडे बाबूंचं एक वाक्य

उशिरा लिहितोय, माफ करा. बडे बाबू गेले त्याला सव्वा महिना झाला.

माझ्या नातीची नर्सिंगची सीट ज्या वाक्यानं अडवली, ते वाक्य त्यांनीच लिहिलं होतं.

हे सांगू की नको, यातच इतके दिवस गेले. कोर्टाबद्दल फेसबुकवर लिहिलं तर काही लफडं होतं का, असं निकिताला, म्हणजे नातीला, चार वेळा विचारलं.

ती म्हणाली, "आबा, खरं आहे ना? मग लिहा."

बडे बाबू म्हणजे यशवंत. आमच्या बुऱ्हाणपूरकडच्या इच्छापूरचा. इकडं हेडक्लार्कला बडे बाबू म्हणतात. रिटायर झाला तरी तेच नाव राहिलं.

आम्ही दोघं सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शाळेत एका बाकावर बसायचो. आम्हाला तीच जवळ. संध्याकाळी घरी. मी सातवीत सोडली आणि केळीत उतरलो. तो मॅट्रिक झाला, बुऱ्हाणपूरला सरकारी नोकरीत लागला.

निकिताही त्याच शाळेतून बारावी झाली. सरकारी नर्सिंगला नंबर लागला.

आणि फॉर्म परत आला.

नियम एवढाच होता की मुलीचं घर राज्यात पाहिजे. घर तर इथंच आहे. रेशनकार्ड, मतदार यादी, सगळं इथलं.

पण सीट देणारं सरकारी खातं म्हणालं, या नियमाचा अर्थ आम्ही असा लावतो: जो बाहेरच्या राज्यातल्या शाळेतून पास झाला, तो बाहेरचा.

कोर्टात गेलो. जजसाहेब म्हणाले, खातं वर्षानुवर्षं हाच अर्थ लावतंय. नियम त्यांचा, त्यांना तो जास्त कळतो. आम्ही मध्ये पडणार नाही.

मला वाटलं, बरोबरच असेल. एवढी शिकलेली माणसं. निकिता दोन दिवस जेवली नाही.

तो कागद घेऊन बुऱ्हाणपूरला, राजपुऱ्यात यशवंताच्या घरी गेलो. तो मोठ्यानं वाचायला लागला आणि मध्येच थांबला. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"गणपत, हे माझं आहे."

"काय तुझं?"

"हे वाक्य. मी लिहिलंय."

मला वाटलं, म्हातारा फिरला.

मग त्यानं सांगितलं. फार वर्षांपूर्वी तो त्याच खात्यात होता. बाहेरच्या राज्यातल्या कुणीतरी इथला खोटा पत्ता देऊन सीट घेतली होती. साहेब ओरडले, आजच काहीतरी पक्कं लिहून आणा. ऑफिसात हा एकटा. यानं लिहून दिलं.

"घर पाहायला कोण जाणार? मार्कशीट तर टेबलावरच असते."

साहेबांनी सही केली. पुढच्या साहेबानं आधीच्याची सही पाहून सही केली. तेच चालत आलं.

"आणि आपलं गाव रे? आपली शाळा?"

"आठवलंच नाही, गणपत."

मी त्याला नको नको ते बोललो. चहा तसाच ठेवून निघून आलो. ते आजही मनाला लागून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बसनं इच्छापूरला हजर. खांद्याला पिशवी.

"चल, वकिलाकडं. अपील करू. हे मी लिहिलं, असं शपथेवर लिहून देतो."

"पेन्शन बंद करतील तुझी."

"करू देत. तू घाल जेवायला. केळी तर तुझ्या घरचीच आहेत."

अपिलात दोन जज होते. सरकारी वकील म्हणाले, हे गृहस्थ केव्हाच रिटायर झाले, हे म्हणजे खातं नव्हे.

जज मॅडमनी यशवंताला उभं केलं. "ये लिखा तब विभाग में और कौन था?"

"कोई नहीं, मैडम. सब शादी में गए थे. उस दिन विभाग मैं ही था."

सगळे हसले.

"आप खुद कहाँ पढ़े हैं?"

"उसी स्कूल में, मैडम. मेरे लिखे से तो मैं भी बाहर का हूँ. नौकरी पूरी यहीं की."

या वेळी कोणी हसलं नाही.

मॅडम म्हणाल्या, खात्याचं आम्ही ऐकू, जरूर ऐकू. पण नियम वाचायचं काम आमचं आहे. नियमात घर लिहिलंय. शाळा लिहिलेली नाही.

निकिताला सीट मिळाली.

परतीच्या गाडीत मी पेढे काढले. यशवंतानं त्याचा पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

"तू भांडलास, गणपत. ज्यांनी फॉर्म घडी घालून घरात ठेवून दिला, त्यांचं काय?"

त्यानंतर दर रविवारी तो सीमेवरच्या गावांत फिरायचा. ओट्यावर बसून विचारायचा, कुणाच्या पोराचा फॉर्म परत आला होता का? लोकांना वाटायचं, मतं मागायला आलाय.

मग त्याचं अंग सुजायला लागलं. फिरणं थांबलं.

शेवटी भेटलो तेव्हा निकिता सोबत होती. तिनं त्याचं बीपी घेतलं.

"किती?"

"ठीक आहे, बाबा."

"खात्यासारखं बोलू नकोस. मशीन इकडं दाखव."

तिनं दाखवलं. त्यानं चष्मा लावून स्वतः वाचलं. मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "पोरगी चांगली शिकली."

यशवंता, त्या दिवशीचा चहा माझ्याकडं राहिला रे. रागावू नकोस. नीट जा.

आता सगळ्यांना हात जोडून सांगतो. इच्छापूर असो की सीमेवरचं दुसरं गाव, शाळा बाहेरची म्हणून ज्याचा फॉर्म परत आला असेल, त्यानं मला कळवावं. कोर्टाच्या आदेशाच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. यंदाचे फॉर्म सुरू झाले आहेत. कुणाचं वय निघून जाईल, या काळजीनं मला झोप नाही.

त्यालाही नव्हती.

लवकर कळवा.