भिंतीवरचं बटण

"ताई, हे अपडेट दर वेळी मध्येच तुटलंय," संकेत म्हणाला. स्क्रीनवर 'फेल्ड' शब्दाची रांग लागली होती आणि खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते.

कुलकर्णी काकांच्या घरचं हे मशीन मीच जोडलेलं. हिंगोलीत छोटं दुकान आणि घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. काका कोर्टात नोकरीला होते तेव्हापासून मी त्यांच्या घरी जाते. मग संकेत पुण्याहून परत आला, माझ्या दुकानासमोर काचेच्या दाराचं कॉम्प्युटरचं दुकान थाटून बसला, आणि माझी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडायला लागली. येताना मला हातही करायची. मी हसायचे आणि आतल्या आत जळायचे.

त्या दिवशीही बोलावणं त्यालाच होतं. मला काकांच्या सुनेचा, मृणालचा फोन आला. "ताई, तुमी पण या. मशीन तुमी जोडलेलं हाय, संकेतला काही विचारायचं पडलं तर." म्हणजे मी त्याच्या हाताखाली. अंगाचा तिळपापड झाला, तरी गेले. घरी बसवलं नसतं.

मृणाल घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. नवऱ्याचं दुकान बसल्यापासून घर तिच्या पगारावर चाललेलं. कंपनीनं कळवलं होतं की घरच्या मशीनवर प्रोसेसरच्या सुरक्षेचं अपडेट संध्याकाळपर्यंत दिसलं नाही, तर लॉगिन बंद. लॉगिन बंद म्हणजे काम दुसऱ्याला.

हा प्रोसेसरचा दोष काय, ते सोपं करून सांगते. चहावाला तुम्हाला लांबून येताना बघतो आणि ऑर्डरच्या आधीच चहा ठेवतो. तुम्ही नको म्हणालात तर ओतून देतो, पण भांडं गरमच राहतं. भांड्याला हात लावणाऱ्याला कळतं की इथं काय शिजत होतं. प्रोसेसरही घाईत पुढचं काम अंदाजानं आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर टाकून देतो, पण खूण राहते, आणि त्या खुणेवरून एखादा चोर प्रोग्राम पासवर्डपर्यंत पोचू शकतो. चिप बदलता येत नाही, म्हणून कंपन्या अपडेट देतात. काही विंडोजमधून येतं, काही बायॉसमधून. बायॉस म्हणजे मशीन चालू करताना विंडोजच्याही आधी जागा होणारा प्रोग्राम. तो बदलताना मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा मरू शकतो.

संकेतनं दोन्ही करायचं ठरवलं. मी त्याची चूक शोधत खुर्चीवर बसले. त्यानं बोर्डाचा मॉडेल नंबर बघून बरोबर फाइल घेतली. मृणालच्या कामाचा बॅकअप घेतला. प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, तेही तपासलं. एकही चूक सापडेना, याचाच मला जास्त राग आला.

बायॉसचं अपडेट चढायला लागलं आणि त्याचा फोन वाजला. "स्क्रीन काळी होईल, घाबरू नका," असं मृणालला सांगून तो बाहेर गॅलरीत गेला. थोड्या वेळानं स्क्रीन काळी झाली. फक्त मशीनच्या पंख्याचा आवाज येत होता.

एवढ्यात काका आतल्या खोलीतून आले. त्यांनी काळ्या स्क्रीनकडे पाहिलं, "झालं वाटतं" म्हणाले आणि सरळ भिंतीवरच्या बटणाकडे निघाले.

माझ्या मनात काय आलं ते सांगूनच टाकते. दाबू द्यावं. बोर्ड मरेल, तोही संकेतच्या हातून. उद्या गल्लीभर होईल, आणि मी तर काहीच केलेलं नसेल.

मृणालची पाठ आमच्याकडे होती. ती गळ्यात हेडफोन अडकवून, दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून उभी होती.

"काका, थांबा," मी ओरडलेच, आणि उठून बटणाला पाठ लावून उभी राहिले.

"काहून अडवून राहिली गं?" काका चिडले. "बंद तर पडलंय. मी रोजच बंद करतो. वीज पडून टीव्ही गेला तवापासून प्लगसुद्धा काढतो."

"रोज? अन् त्यावर 'बंद करू नका' असं येतं तेव्हा?"

"ते गोल गोल फिरत ऱ्हातं. त्याची किती वाट बघावी माणसानं?"

माझी सगळी अपडेट कुठं जात होती ते तेव्हा कळलं. मी लावून जायचे, मशीन ते चढवायला लागायचं, आणि काका बटण दाबायचे. पुढच्या वेळी चालू केलं की विंडोज अर्धवट झालेलं सगळं मागे घ्यायचं.

मशीन आपोआप सुरू झालं. संकेत परत आला, त्यानं विंडोजचं अपडेट लावलं, आणि ते संपेपर्यंत मी भिंतीपाशीच थांबले. कंपनीच्या तपासणीत हिरवी खूण आली. मृणालनं डोळे पुसले आणि लगेच कामाला बसली.

"पोरगं हुशार हाय," काका म्हणाले. "अन् ह्या बाई मला माझ्या घरात बटणाला हात लावू देईनात."

संकेतचा चेहरा उतरला. त्याला सगळं समजलं. जिन्यात म्हणाला, "ताई, आज तुम्ही वाचवलंत." वर घरात मात्र बोलला नाही. मीही त्याच्या जागी बोलले नसते, पण म्हणून राग कमी झाला असं नाही.

या धंद्यात बिघडलेलं नीट केलं तर लोक नाव घेतात. न बिघडलेल्याचं कुणी नाव घेत नाही, हे शिकले. आता प्रत्येक घरी सांगते की स्क्रीन काळी झाली म्हणजे मशीन बंद झालं असं नाही, आणि भिंतीवरचं बटण सगळ्यात शेवटी.

परवा काकांकडे प्रिंटरसाठी गेले होते. त्या बटणावर आता चिकटपट्टी आहे, आणि तिच्यावर काकांच्या कोर्टातल्या सुरेख अक्षरात लिहिलंय: 'संकेतला विचारल्याशिवाय बंद करू नये.'