खोड्यात अडकलेले पाय

आम्ही दोघं मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा तिच्या खेड्यातल्या जुन्या चर्चसमोर लाकडी खोडा पाहिला. पूर्वी त्यात गुन्हेगारांचे पाय अडकवत. यांनी फोटोसाठी हौसेने पाय घातले, वरची फळी आपटली आणि गंजकी कडी गच्च बसली. मुलगी चर्चच्या रखवालदाराला आणायला धावली.

तेवढ्यात कुत्र्याला फिरवत एक आजीबाई आल्या. पाय दिसूनही न दिसल्यासारखं करून म्हणाल्या, "आज हवा छान आहे, नाही?"

"फारच छान!" हे म्हणाले.

आजीबाई पुढे गेल्या आणि मी यांच्या शेजारी बसून बोलत राहिले. उठून जायची सोयच नसल्याने यांनी सगळं ऐकलं, उत्तरंही दिली. तीस वर्षांत पहिल्यांदाच! पाय थांबले की कान उघडतात, हे त्या जुन्या लोकांना ठाऊक असावं.

रखवालदाराला घेऊन मुलगी लांबून येताना दिसली. मी हातानेच खुणावलं, "जरा सावकाश!"