शेजारच्या खाटेजवळच्या अक्का

त्या अक्कांचं नाव विचारायचा मला धीर झाला नाही. हुबळीच्या दवाखान्यात माझ्या वडिलांचं, अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा शेजारच्या खाटेवर अक्कांचे यजमान त्याच दुखण्यानं पडले होते. दोघांच्याही डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि मान हलवायची सक्त मनाई होती. अप्पा शिंपी होते; दृष्टी आली नाही, तर दुर्गदबैल बाजारातलं दुकान आणि माझं धारवाडचं कॉलेज, दोन्ही बंद होणार होतं.

कॉलेज सुटल्यावर मी आगगाडीनं येई. तोवर अक्काच दोघांना आंबील भरवत आणि अप्पांना साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं दटावत, "सुम्मने, गप पडा हो अण्णा! मान हलली तर बघा!"

अप्पांची पट्टी सोडली त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांपुढे बोटं धरली. "किती?"

अप्पा नुसते डोळे किलकिले करत राहिले.

"सांगा की हो अण्णा!" मागून अक्का ओरडल्या.

अप्पांनी आवाजाकडे पाहिलं आणि ते हसलेच. "अरेच्चा, अक्का, तुम्ही एवढ्याशाच? मला वाटलं, दारातसुद्धा मावत नसाल!"

अक्का यजमानांच्या खाटेकडे धावल्या. "ऐकलंत का हो? मी दिसले त्यांना! आता उद्या पट्टी सुटली की तुम्हालाही दिसेन!"