वायरीला लोंबणारी चिप

अंगणवाडीचा पत्रा पोरांना भाजतो, हे एसीत बसणाऱ्या साहेबाला पटेना. पुरावा म्हणून मी तापमान मोजणारी डबी बनवली आणि मुरबाडला, त्या अंगणवाडीकडे निघालो. शहापूरच्या स्टँडवर शेजारी कारखान्याचा निळा कोट घातलेल्या एक बाई होत्या. डबी कशासाठी ते मी सांगितलं, तशी त्यांनी न विचारताच ती उघडली, आतल्या सेन्सरला बोट लावलं आणि हसल्या.

“ही चिप सर्किटलाच चिकटलीय रे, त्याचीच ऊब मोजणार. साहेब हाकलंल नाय का तुला?”

“मग कुठली घेऊ, ताई?”

“वायरीला लोंबणारी डिजिटल घे. पोरं बसतात तिथपर्यंत खाली सोड.”

तसंच केलं. आकडा मी मोर्चात ओरडून सांगायचो त्यापेक्षा कमी आला, पण साहेबाला तो खोडता आला नाही. पत्र्याखाली छत लागलं. आता दुपारी पोरं तिथं झोपतात, आणि हे त्या बाईंना कळवायला माझ्याकडे त्यांचं नावही नाही.